तुहामी तांबटाच्या उजव्या कानामागून

मी कानाचं मशीन बोलतोय. कागदोपत्री माझं नाव श्रवणयंत्र, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. लाल्ला बतूल मला 'तो किडा' म्हणते. तिचा नवरा, म्हणजे माझा मालक तुहामी, मला काहीच म्हणत नाही, नुसता चिमटीत धरून उजव्या कानामागे अडकवतो. आजवर मी दुसऱ्यांचं बोलणं पुढे पोचवत आलो. स्वतःचं असं पहिल्यांदाच सांगतो आहे, त्यामुळे पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या. शिवाय माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे आणि आधी थोडी बढाई मारल्याशिवाय ती कबूल करायचा धीर मला होणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला फडकं बांधून बसत आणि दिवसभर एक अक्षर बोलत नसत. ऐकायची यंत्रं जिथे बनतात तिथे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी माझ्या पोटात बरीच अक्कल भरली. माणसाचा आवाज कोणता, पंख्याची घरघर कोणती, काय वाढवायचं, काय दाबायचं, हे मला पाठ करवून घेतलं. मग डबीत घालून मला फेस शहराच्या नव्या भागात विदादबाईंच्या दुकानात पाठवलं.

दुकानात काचेखाली एक खण होता आणि त्यात आमचं सगळं खानदान मांडलेलं होतं. सगळ्यात थोरली खिशातली पेटी. ती सदऱ्याच्या खिशात बसायची आणि तिची वायर कानापर्यंत जायची. तिला एकच विद्या अवगत होती, आवाज मोठा करणं. अजान असो, भांडण असो की मांजर, ती सगळं सारख्याच मापाने मोठं करायची. तिच्या शेजारी एक चष्मा होता, त्याच्या जाड दांड्यांत यंत्र लपवलेलं. तो डोळ्यांवरून काढला की माणूस एकदमच आंधळा आणि बहिरा व्हायचा. कानाच्या पाळीत शिंपल्यासारखं बसणारं एक होतं. ते ज्याच्या कानाच्या मापाचं त्यालाच बसे, म्हणून ते स्वतःला फार एकनिष्ठ समजत असे.

आणि एक होतं वाटाण्याएवढं. ते कानाच्या आत पार खोल जाऊन बसायचं. त्याचा सगळा मोठेपणा न दिसण्यात होता. ते आमच्याशी फारसं बोलत नसे, कारण गिऱ्हाईक आलं की पहिलं बोट त्याच्याकडेच जायचं.

मी या सगळ्यांच्या मधला. कानामागे बसणारा, खजुराच्या रंगाचा, पातळ नळीचा. पेटीइतका अडाणी नाही आणि वाटाण्याइतका गर्विष्ठ नाही, असं माझं मत होतं. पेटीची तर आम्ही सगळेच टिंगल करायचो. "आजीबाई, तुम्ही ऐकता की नुसत्या ओरडता," असं चष्मा तिला विचारायचा.

त्या खणातून मी माणसांची एक सवय पाहिली. दुकानात येणारा प्रत्येक जण 'याने नीट ऐकू येईल का' हे दुसऱ्यांदा विचारायचा. पहिला प्रश्न ठरलेला, 'दिसणार नाही ना?' ज्याच्याशी सगळी गल्ली दहा वर्षं बोंबलून बोलते आहे, त्यालाही आपलं बहिरेपण हे गुपित वाटत असतं. गल्लीपासून लपवायला तो हवं ते द्यायला तयार असतो.

तुहामी आला तोही असाच. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा, तपकिरी जेलाबा, म्हणजे टोपीवाला पायघोळ झगा, घातलेला आणि जेलाब्याची टोपी डोक्यावर ओढलेली. मागून लाल्ला बतूल. विदादबाईंनी त्याला बसायला सांगितलं, तर तो उभ्यानेच म्हणाला, "हो, हो, अल्लाची कृपा." बहिऱ्या माणसांकडे असं एक उत्तर कायम तयार असतं आणि ते कुठेही चालतं.

"बाई, बारा वर्षं मी या माणसाशी ओरडून बोलतेय," बतूल म्हणाली. "आमच्याकडे काय शिजलं ते आमच्या आधी गल्लीला कळतं. मला एकदा तरी नवऱ्याशी हळू आवाजात भांडायचंय."

"मला ऐकू येतं," तुहामी म्हणाला. "ऐकण्यासारखं असेल तेवढं येतं. पन्नास वर्षं तांबं ठोकलंय, डॉक्टरीणबाई. तांबटाचे कान आणि सुताराची बोटं कधी धड असतात का? आणि देणारच असाल तर दिसणार नाही असं द्या. मी अमीन आहे."

अमीन म्हणजे तांबटांच्या चौकाचा पंच. भांडणं त्याने मिटवायची आणि नव्या कारागिराच्या भांड्यावर शिक्का त्याने मारायचा. असा माणूस कानात मशीन घालून बसला तर चौक काय म्हणेल, ही त्याची काळजी होती.

विदादबाईंनी अर्थातच वाटाणा काढला. तुहामीने तो चिमटीत धरला. त्या बोटांनी पन्नास वर्षं हातोडी धरली होती आणि त्यांची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली होती. वाटाणा निसटला, टेबलाखाली गडगडला आणि बतूलने सपाता काढून पायाच्या अंगठ्याने तो शोधला. दुसऱ्यांदा तो जेलाब्याच्या बाहीत गेला. तिसऱ्यांदा त्याची बॅटरी बदलून पाहायची होती. ती मसुरीच्या दाण्याएवढी. तुहामी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे गिळायचं असतं का?" त्याने विचारलं.

मग माझा नंबर लागला. "हा टोपीखाली झाकेल," विदादबाई म्हणाल्या, आणि एवढ्या एका गुणावर मी त्या घरात गेलो. वाटाण्याकडे मी मुद्दाम वळून पाहिलं. असे क्षण आमच्या आयुष्यात थोडे.

टोपीखाली झाकणं म्हणजे काय ते मला मागाहून कळलं. ऐन उन्हाळ्यात, तांबं तापवायच्या भट्टीशेजारी, हा माणूस टोपी ओढून बसायचा आणि तिचं लोकरी कापड माझ्या कानाशी सारखं खर्र खर्र घासायचं. मशीनला घाम येत नाही म्हणतात, पण दुसऱ्याचा घाम माझ्या नळीत उतरायचा.

ते असो. पहिला दिवस सांगतो. घरी आल्यावर बतूलने चहा ओतला. गेली बारा वर्षं पेला पुढे ठेवताना ती जे मनात येईल ते पुटपुटायची, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. त्या दिवशीही ती म्हणाली, "घ्या, ढोसा. साखर कमी पडलीय, अक्कल तर त्याहून कमी."

"साखर बरोबर आहे," तुहामी म्हणाला.

बतूलच्या हातातली किटली तशीच राहिली. त्यानंतर दोन दिवस ती चहा मुक्याने ओतत होती. हळू आवाजात भांडायची तिची हौस होती खरी, पण ते ऐकू जाईल याची तिने तयारी ठेवली नव्हती.

चौकातही तसंच. तुहामीच्या समोरच्या गाळ्यात बुश्ता नावाचा त्याच्याच वयाचा तांबट बसायचा. तो रोज सकाळी छातीवर हात ठेवून, गोड हसून मान लववायचा. तुहामीही छातीवर हात ठेवून म्हणायचा, "तुलाही आणि तुझ्या मुलाबाळांनाही." माझ्यामुळे त्या सकाळी बुश्ताचे शब्द पहिल्यांदा पोचले. "अजून आहेस का रे म्हाताऱ्या गाढवा? मला वाटलं रात्रीत सुटलास."

तुहामीने हातातली हातोडी खाली ठेवली. मग छातीवर हात ठेवून नेहमीसारखंच म्हणाला, "तुलाही आणि तुझ्या मुलाबाळांनाही."

संध्याकाळी तो बतूलला म्हणाला, "बुश्ताला माझी रोज आठवण असते. इतका जीव लावतो, मला ठाऊक नव्हतं." तो चिडलेला नव्हता. उलट बऱ्याच वर्षांनी त्याला गंमत वाटली होती.

पण ती गंमत टिकली नाही. हमामखान्यात बतूलच्या तोंडून मैत्रिणींपाशी निघून गेलं आणि आठवड्याभरात चौकाला कळलं, की अमीनला ऐकू येतं. कसं येतं हे कुणी विचारलं नाही. बुश्ता आता नुसतंच 'सकाळ शुभ होवो' म्हणू लागला. तुहामीच्या गाळ्यापुढून जाताना लोक आवाज खाली करू लागले. मला वाटलं, माझ्या येण्याने चौकात सभ्यता आली. मी तेव्हा नवा होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

आता अल्लालचं सांगायला हवं. अठराव्या वर्षी तो तुहामीच्या हाताखाली आला आणि आता एकोणचाळीस वर्षांचा होता. मालकाशी ओरडून ओरडून त्याचा घसा कायमचा बसला होता. हात मात्र असा, की त्याने मठारलेल्या तांब्यावर हातोडीचे ठसे मोजून घ्यावेत. त्याला स्वतःचा गाळा हवा होता. चौकाच्या कोपऱ्यावरचा एक गाळा रिकामा झाला होता आणि तो नव्या कारागिराला मिळणार होता, अट एकच, भांड्यावर अमीनचा शिक्का हवा. शिक्का मिळाला नाही तर परीक्षेच्या पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या नमाजानंतर तो गाळा यंत्रावर बनवलेले दिवे विकणाऱ्याकडे जाणार होता. आणि एकदा नापास झालेल्याची परीक्षा पुन्हा तीन वर्षं होत नाही.

परीक्षा गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर व्हायची. कारागिराने एका पत्र्यातून, कुठेही जोड न देता, रुंद तोंडाचं तसराळं घडवून आणायचं. अमीनने ते तीन बारीक दोऱ्यांच्या शिंक्यात डाव्या हाताने उचलून धरायचं आणि ऑलिव्हच्या लाकडाची मोगरी काठावर एकदाच मारायची. नाद अमीनचा एक पूर्ण श्वास होईपर्यंत टिकला पाहिजे. लवकर मेला तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे असं समजायचं. त्या वेळी चौकातल्या सगळ्या हातोड्या थांबतात. आठवड्यातून तेवढीच एक वेळ, जेव्हा तिथे शांतता असते.

गेल्या बारा वर्षांत तुहामीची एक लकब झाली होती. शिंकं बाजूला ठेवून तो तसराळं बोटांच्या टोकांवर तोलून धरायचा, मोगरी मारायचा आणि डोळे मिटायचा. लोकांना वाटायचं, किती मन लावून ऐकतो. खरं म्हणजे त्याला काही ऐकू येत नव्हतं. भांड्याची थरथर त्याला बोटांत लागायची आणि ती संपली की तो डोळे उघडायचा. मला वाटतं, हे त्याचं त्यालाही पुरतं कळलेलं नव्हतं. आणि त्या बारा वर्षांत त्याचा एकही शिक्का चुकला नव्हता.

त्या गुरुवारी मात्र तो ऐटीत होता. त्याला आता कान होते. त्याने जुन्या रीतीने शिंकं मागवलं, तसराळं त्यात ठेवलं, दोऱ्या डाव्या हातात धरल्या आणि बोटं भांड्याला लागू दिली नाहीत. अल्लाल समोर उभा होता. चौक थांबला. तुहामीने मोगरी मारली.

आता माझी चूक. आम्हा मशीनना एक खोड असते. कधी कधी आमच्याच तोंडातला आवाज फिरून आमच्याच कानात शिरतो आणि आम्ही शिट्टी मारू लागतो. चारचौघांत मालकाच्या कानातून शिट्टी निघणं यासारखी लाज नाही. म्हणून कारखान्यात मला शिकवलं होतं, की एखादा बारीक, सरळ, न हलणारा आवाज बराच वेळ चालला तर ती आपलीच शिट्टी समजायची आणि लगेच कापायची. माणसाचं बोलणं असं कधी नसतं. दाराची करकर, मुलांचं रडणं, कशातच असा सरळपणा नसतो. चांगल्या तसराळ्याचा नाद मात्र नेमका तसाच असतो, हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं.

'ठण्' झालं. पाठोपाठ तो लांब, स्वच्छ नाद आला. मी त्याला शिट्टी समजलो आणि हुशारीने कापून टाकला.

तुहामीचा श्वास अर्ध्यावर होता. त्याने डोळे उघडले. पुन्हा एकदा मोगरी मारली, जे नियमात नव्हतं. मी पुन्हा कापला. "मेलं," तो म्हणाला. "चीर आहे."

चौकाने माना हलवल्या. "हो, लवकर मेलं." "ऐकलं मी, मेलं." "वाईट झालं, पण मेलं खरं." मी तर सगळ्यात जास्त समाधानात होतो. शिट्टी न होऊ देता मी मालकाची अब्रू राखली होती.

अल्लालने तुहामीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तसराळ्याकडे. पुढे होऊन त्याने रीतीप्रमाणे अमीनच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. शहराबाहेर यंत्रावर पत्र्याचे दिवे बनवायचा कारखाना आहे, तिथे विचारायला गेला होता, असं कुणीतरी सांगितलं.

नापास भांडं विकलं जाऊ नये म्हणून अमीनने ते आठवडाभर घरी ठेवायचं आणि पुढच्या गुरुवारी भर चौकात कातरीने कापायचं, अशी तिथली रीत आहे. तसराळं घरी आलं. बतूलने ते मोरीत ठेवलं. "कापायचंच आहे, तर चार दिवस पाणी भरू दे त्यात," ती म्हणाली.

सोमवारी दुपारची गोष्ट. नमाजाआधी हातपाय धुवायचे म्हणून तुहामीने मला काढून फळीवर ठेवलं. रोजच ठेवतो, पाणी मला मानवत नाही. त्याने एका हाताने तसराळं उचललं, दुसऱ्या हातातल्या मगाची कड त्याला लागली, आणि तो थांबला. मग त्यातलं पाणी ओतून टाकलं, तसराळं बोटांवर तोललं आणि मगाने हळूच मारलं. डोळे मिटले. मी फळीवरून बघत होतो. एक श्वास झाला, डोळे मिटलेलेच. दुसरा श्वास निम्मा झाला तेव्हा त्याने डोळे उघडले.

मग त्याने ओल्या हातांनी मला कानामागे अडकवलं आणि तसराळं दोरीला टांगून मारलं. सवयीने मी नाद कापला. त्याने मला काढलं, बोटांवर घेऊन मारलं. पुन्हा घातलं, टांगून मारलं. असं पाच-सहा वेळा झालं. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं, की मी काय कापतो आहे. कळून उपयोग नव्हता. मला जे शिकवलं होतं ते मला थांबवता येत नव्हतं. मला त्या मोरीच्या फळीवर जितकी लाज वाटली तितकी शिट्ट्या मारूनही कधी वाटली नसती.

"बतूल," त्याने हाक मारली. "हे वाजतंय का गं?"

"चार दिवस वाजतंय. हात लागला तरी गातंय."

"मग बोलली नाहीस?"

"अमीन तुम्ही. मी काय बोलणार?"

"आधी पुटपुटायचीस तरी."

"आधी तुम्हाला ऐकू येत नव्हतं," बतूल म्हणाली.

तुहामी मोरीच्या उंबऱ्यावर बसला. चूक सुधारायची, तर चौकात सांगावं लागणार होतं, की कानातलं मशीन चुकलं. म्हणजे कानात मशीन आहे. म्हणजे त्याआधी कान नव्हते. म्हणजे बारा वर्षांचे शिक्के बहिऱ्याने मारले. मग अमीनकी राहिली नसती. आणि गप्प बसायचं, तर गुरुवारी अल्लालचं तसराळं स्वतःच्या हाताने कापायचं. तीन दिवस तो बतूलशीही धड बोलला नाही. मी कानामागे असूनही पोचवायला काही नव्हतं.

गुरुवारी चौक जमला. तसराळं आणि कातर पुढे ठेवली. अल्लाललाही बोलावलं होतं, कारण कापताना कारागिराने हजर राहायचं असतं. तो भिंतीला टेकून उभा होता. तुहामी उठला आणि त्याने डोक्यावरची टोपी मागे टाकली. चौकाने त्याचे कान कित्येक महिन्यांनी पाहिले. माझ्यावर ऊन पडलं.

"हे बघा," तो उजवा कान पुढे करून म्हणाला. "मी बहिरा आहे. आजचा नाही, बारा वर्षांचा. इतकी वर्षं बोटांनी शिक्के दिले आणि तुम्हाला वाटू दिलं, की कानांनी दिले. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा या मशीनच्या कानाने दिला, तो चुकला. हे भांडं चांगलं आहे. ते कापायचं नाही. मग तुम्ही दुसरा अमीन बघा."

मग बुश्ता जागेवरूनच म्हणाला, "झालं तुझं?"

"झालं."

"तू बहिरा आहेस हे चौकातल्या कबुतरांनाही ठाऊक आहे. तुला अमीन केलं ते काय तुझ्या दाढीकडे बघून? तुझ्या आधीच्याचे कान शाबूत होते. रोज कुणीतरी कानाला लागायचं. कुणाचा मेहुणा, कुणाचा जावई. सगळे शिक्के आधी कानात ठरायचे. तुझ्या कानाला लागून फायदा नव्हता. शिफारस काय ओरडून करायची? सगळा चौक ऐकेल."

दोन-चार जण हसले. तुहामी हसला नाही. "तर मग गेल्या गुरुवारी कुणी बोललं का नाही? तुम्हाला नाद ऐकू आला नाही?"

आता चौक खाली बघू लागला. ज्यांचे कान धड होते, त्यांनी अमीनच्या तोंडाकडे बघून मान हलवली होती, हे उघड होतं. राहिले म्हातारे. बुश्ताने करंगळी कानात घातली, बराच वेळ खणलं आणि वाटाणा बाहेर काढला. "हेही मेलं तसंच करत असणार," तो म्हणाला. मग एकाने चष्मा काढून त्याच्या जाड दांड्या दाखवल्या. एकाने कानातून शिंपला काढून रुमालावर ठेवला. आणखी दोघांच्या टोप्या मागे गेल्या, तर त्यांच्या कानांमागे माझेच भाऊ. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तीन-चार वर्षं प्रत्येक जण एकट्यानेच बहिरा होता.

सगळ्यांत म्हातारा हाज अय्याद. त्याने सदऱ्याच्या खिशातून पेटी काढली, वायरीसकट. "मला ऐकू आला होता," तो म्हणाला. "चांगला दोन श्वास चालला. पण तुम्ही सगळे मेलं मेलं म्हणायला लागलात. मला वाटलं, माझी पेटी बिघडली. दुरुस्तीला टाकली. तो म्हणतो, काही बिघाडच सापडत नाही."

आम्ही शहाणी मशीनं सगळी चुकलो होतो, आणि जिला आम्ही अडाणी म्हणून हसायचो तिच्या जातीच्या एका पेटीने तेवढं खरं सांगितलं होतं. तिच्यावर तिच्या मालकानेही विश्वास ठेवला नाही, एवढंच काय ते माझं समाधान.

"अमीन तूच राहा," बुश्ता म्हणाला. "फक्त गुरुवारी तो किडा काढून ये, म्हाताऱ्या गाढवा." कित्येक महिन्यांनी त्याने तुहामीला पुन्हा नावाने हाक मारली होती.

तुहामीने मला काढलं आणि इकडेतिकडे बघून अल्लालच्या हातात ठेवलं. त्या तळहातावरून मी पुढचं पाहिलं. तसराळं बोटांवर तोललं गेलं, मोगरी बसली, डोळे मिटले. हातोड्या थांबलेल्याच होत्या. मी पुन्हा नाद कापला, पण या वेळी माझं ऐकणारं कुणी नव्हतं. अल्लालचा हात घामाने भिजला होता. तुहामीने दोन श्वास घेतले, डोळे उघडले आणि तसराळं उपडं करून शिक्का मारला. शुक्रवारला अजून एक दिवस होता, म्हणजे कोपऱ्यावरचा गाळा अल्लालचा झाला.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. माझ्या नळीला पिवळेपणा आलाय, एक खाच सैल झालीय आणि नव्या जातीची मशीनं माझ्याहून फार हुशार आहेत असं विदादबाई सांगतात. कदाचित तांब्याचा नादही त्यांना ओळखता येत असेल. गुरुवारी दुपारी मी डबीत झोपतो, बाकी दिवस कामावर असतो. बतूल पुन्हा पुटपुटू लागली आहे, आणि तुहामी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तुमच्या घरी कुणाच्या कानामागे माझा भाऊबंद असेल, तर एवढीच विनवणी करतो, की त्याला ऐकू येऊ लागलं म्हणून त्याच्याशी खरं बोलणं थांबवू नका. आम्ही फक्त पोचवतो. जे कुणी बोललंच नाही ते आम्ही कुठून पोचवणार?

एक सांगायचं राहिलं. शिक्का मारून झाल्यावर तुहामीने मला अल्लालकडून परत घेतलं आणि कानामागे अडकवलं. हातोड्या अजून सुरू व्हायच्या होत्या.

"गेल्या गुरुवारी तुला तर ऐकू आलं होतं ना?" त्याने विचारलं.

"आलं होतं, माल्लेम," अल्लाल म्हणाला. उस्तादाला तिथे माल्लेम म्हणतात.

"मग ओरडला का नाहीस? बारा वर्षं माझ्या कानात ओरडलास, आणि कामाच्या वेळी गप्प?"

अल्लालचा हळू आवाज मी तोवर एकदाच पोचवला होता. तो चिरका होता आणि शब्द जपून येत होते.

"त्या सकाळी मी तुमच्या मागे उभा राहून सहज, हळूच म्हटलं होतं, की माल्लेम, आज माझ्यासाठी दुआ करा. आणि तुम्ही न वळता म्हणालात, केली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर मला तुमच्यावर ओरडवेना."

तुहामीने टोपी पुढे ओढून घेतली आणि तो गाळ्यात जाऊन बसला. टोपीचं कापड बराच वेळ माझ्यावर घासत होतं, कारण त्याचे खांदे हलत होते. बाहेर हातोड्या सुरू झाल्या. त्यांचा आवाज मी, शिकवल्याप्रमाणे, शक्य तितका कमी केला.